बिशपच्या टोपीशेजारी

आधी माझ्या मूर्खपणाची कबुली देते, म्हणजे पुढे दुसऱ्यांना नावं ठेवायला मी मोकळी. मी चौदा वर्षांची असताना नाशिकला आमच्या चर्चमध्ये माझं दृढीकरण झालं. ज्यांना हा प्रकार ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगते. आमच्या जुन्या अँग्लिकन वळणाच्या लोकांत बाप्तिस्मा तान्हेपणीच उरकतात. पोर कळती झाली की बिशप येतो आणि तिच्या डोक्यावर हात ठेवतो. हात बिशपचाच लागतो, साध्या पाळकाचा चालत नाही, आणि तो आयुष्यात एकदाच. त्यानंतरच प्रभुभोजनाची भाकर आणि द्राक्षारस घेता येतो.

तर त्या सकाळी माझ्या डोक्यात असं आलं की केसांत भरपूर तेल असेल तर आशीर्वाद चांगला मुरेल. लोणच्याला नाही का, तेल वर आलं पाहिजे. आईची खोबरेलाची बाटली मी डोक्यावर उपडी केली, वरून पांढरी ओढणी घेतली आणि गुडघे टेकले. तेव्हाचे बिशप धिप्पाड होते, हात ठेवताना सगळं वजन टाकायचे. त्यांचा हात टाळूवरून घसरला तो थेट माझ्या नाकावर. बिचाऱ्यांनी प्रार्थना तशीच पूर्ण केली, हात माझ्याच ओढणीला पुसला, तरी शेजारच्या कुसुमच्या वाट्याला थोडं तेल गेलंच. मी मात्र डोळे मिटून कृतार्थ. नाकावर आलेला हात म्हणजे खास कृपा, असं मी पुढे वर्षभर सांगत फिरले. अशी मी होते. तेव्हापासून बिशप या जातीशी माझा संबंध तेलकटच राहिला.

आता माझा भाचाच बिशप आहे. थोरल्या बहिणीचा मुलगा. सरकारी आणि चर्चच्या कागदांवर त्याच्या नावाआधी बरीच विशेषणं लागतात, मी राजू म्हणते. त्याची आई लवकर गेली, म्हणून तो निम्मा माझ्या घरी वाढला. चर्चच्या रविवारच्या शब्बाथ शाळेत मी शिकवायची, तिथे पाठांतराची वेळ आली की तो बाकाखाली लपायचा आणि मी कान धरून बाहेर ओढायची. हाच मुलगा आता जांभळा झगा घालून लोकांना धडे देतो. गेल्या मार्चात त्याचा फोन आला, "मावशी, चंद्रपूर-गडचिरोलीच्या दौऱ्यावर चल माझ्याबरोबर. आई असती तर तिला नेलं असतं." मला भरून आलं. नागपूरला उतरल्यावर कळलं की महिला मेळाव्यात बोलायला ठरवलेल्या बाईंनी ऐन वेळी नकार दिला होता.

भद्रावती

गाडी पांढरी, मोठी. चालक रशीदभाऊ चंद्रपूरचे. वडिलांचं गाद्या-रजयांचं दुकान भावाकडे सोपवून हे स्टिअरिंगवर बसले ते कायमचे. पुढच्या सीटवर राजू, मागे मी, आणि माझ्या शेजारी एक गोल लाकडी डबा, पट्ट्याने सीटला आवळून बांधलेला. मला पाय लांब करायचे होते, म्हणून मी डबा खाली ठेवायला लागले, तर रशीदभाऊंनी आरशातून पाहिलं.

"बाई, त्याले हात नका लावू. साहेबाची टोपी आहे."

"टोपीला सीट?"

"टोपीले सीट आहे, बेल्ट आहे. डायवरले चहा सांगाले कोनाले आठवन नाई."

राजूने ऐकून न ऐकल्यासारखं केलं. बिशपची ती उंच, चिंचोळी टोपी वाकली की पुन्हा सरळ होत नाही म्हणे. मीही वाकले की सरळ होत नाही, पण मला पट्टा बांधायचं कोणाला सुचलं नाही. नागपूर ते चंद्रपूर, चंद्रपूर ते गडचिरोली, सगळा प्रवास मी त्या टोपीच्या शेजारी अंग चोरून केला.

भद्रावतीला आयुध निर्माणीची वसाहत आहे. सरळ रस्ते, एकसारखी घरं, चुना मारलेली झाडं. आमच्या नाशिकला बिशप येणार म्हटलं की बायका पेटीतल्या चादरी काढून वेदीवर घालतात. इथे फ्लेक्स लावला होता. फ्लेक्सवर राजूचा चेहरा एवढा मोठा की कोपऱ्यातला क्रूस त्याच्या कानातल्या डुलासारखा दिसत होता. मग हार, मग भाषणं, मग आणखी हार. मग चर्चच्या व्हरांड्यातल्या पाणी थंड करण्याच्या नव्या यंत्रावर बिशपने हात ठेवून प्रार्थना केली. यंत्र सुरू झालं नाही. वीज गेली होती. प्रार्थनेत राजूने अनेक गोष्टी मागितल्या, वीज मागायची राहिली.

दिवस उपवासाचे होते. ईस्टरच्या आधी आमच्यात मांस सोडतात. राजूने मांस सोडल्याचं मंडळीला व्यासपीठावरून जाहीर करून सांगितलं. नंतर जेवायला बसलो तर समोर कोंबडीचा रस्सा, वऱ्हाडी, लालभडक. घरची बाई हात जोडून उभी. राजू म्हणाला, "तुमच्या प्रेमासाठी एक तुकडा घेतो." त्या घरात फार प्रेम होतं. तीन वेळा वाढून झालं तरी ते संपेना.

मला चेष्टा सुचते खरी, पण त्याच दुपारी पाहिलेली एक गोष्ट लिहिली नाही तर माझंच पोट दुखेल. वसाहतीतले एक निवृत्त कामगार बऱ्याच वर्षांपासून अंथरुणावर आहेत. राजू त्यांच्या खाटेवर बसला, आणि म्हाताऱ्याचं बोलणं कोणालाच कळत नसताना ऐकत बसला. घड्याळ पाहिलं नाही. बाहेर समितीचे लोक चुळबुळत होते. निघताना त्याने म्हाताऱ्याच्या तोंडाची लाळ आपल्या रुमालाने पुसली आणि तो रुमाल खिशात ठेवला. गाडीत बसल्यावर मात्र लगेच फोन काढून कोणा वकिलावर ओरडायला लागला. चर्चच्या जमिनीचा खटला. बिशपचं अर्धं आयुष्य देवाच्या दारात जातं आणि अर्धं कोर्टाच्या, असं मला त्या दौऱ्यात समजलं. दोन्हीकडे तारीखच मिळते, असं रशीदभाऊंचं मत.

ऊर्जानगर

चंद्रपूरजवळची ही वीज केंद्राची वसाहत. आभाळाला टेकलेली धुरांडी, कंपनीच्या बसगाड्या, सकाळ-संध्याकाळ मोटरसायकलींचा लोंढा. मी बाल्कनीत वाळत घातलेलं पांढरं पातळ संध्याकाळी करड्या रंगाचं होऊन परत आलं. इथल्या बायका म्हणाल्या, पांढरं नेसायचंच कशाला. बरोबर आहे, पण बिशपच्या कार्यक्रमाला पांढरं नेसायचं हे नाशिकचं खूळ माझ्या अंगात मुरलेलं. तेलासारखं.

महिला मेळाव्यात मी बोलले. विषय त्यांनीच दिला होता, 'आदर्श ख्रिस्ती माता'. माझी दोन्ही मुलं मला वर्षातून एकदा भेटतात, तरी मी जोरदार बोलले. टाळ्या पडल्या. तरुणपणी मला अशा टाळ्यांची फार हाव होती. तिशीत मी नाशिकच्या महिला मंडळाची चिटणीस होते, तेव्हा पेटी वाजवणारा उपासनेआधी सिनेमाची चाल गुणगुणतो, अशी लेखी तक्रार मी बिशपकडे केली होती. बिचाऱ्याला माफी मागावी लागली. आणि ती चाल मला ओळखता आली, यावरून मी काय ऐकत होते हे कोणाच्या लक्षातच आलं नाही.

ऊर्जानगरच्या मंडळीला दुसरा पाळक हवा होता. माणसं भरपूर, क्वार्टर तयार, नळाला पाणी. दुसऱ्या दिवशी मूलच्या रस्त्याला लागल्यावर राजूने मला त्याचा बेत सांगितला. गडचिरोलीच्या बाजूला, वैनगंगेच्या पलीकडे, तळ्याकाठी एक गाव आहे. गावाचं नाव मी मुद्दाम देत नाही आणि तिथल्या माणसांची नावंही बदलली आहेत. का ते पुढे कळेल. तिथे गोऱ्या मिशनऱ्यांच्या काळातलं एक बुटकं चर्च, थोडीशी ख्रिस्ती घरं आणि एक पाळक. बाकी गाव ढीवरांचं, तळ्यावर, नदीवर मासे धरणारं, धान पिकवणारं.

"तिथे एक माणूस अडकवून ठेवणं परवडत नाही, मावशी," राजू म्हणाला. "या खेपेला दृढीकरणाला कोणी नवीन असलं तर ठीक. मंडळी वाढत नसेल तर पाळक ऊर्जानगरला आणायचा आणि ते चर्च गडचिरोलीला जोडायचं. अधूनमधून कोणीतरी जाईल उपासनेला."

"अधूनमधून म्हणजे?"

"म्हणजे जमेल तसं."

रशीदभाऊंनी गियर बदलला, उगाच जरा जोरात.

मूल

मूल म्हणजे भाताच्या गिरण्या. गावात शिरल्यापासून नाकात कोंड्याची धूळ, आणि जिथे तिथे तांदळाच्या पोत्यांची थप्पी. इथे भाजीत कोथिंबीर घालतात तिला सांबार म्हणतात आणि अशी मूठभर घालतात की खालची भाजी कोणती ते शोधावं लागतं. लाखोळीच्या डाळीचं वरण, जवसाची चटणी आणि वाफाळता भात. आमच्या नाशिककडे पाहुण्याला पोळी वाढली नाही तर अपमान. इथे मी पोळी मागितली तर घरच्या बाईंनी मला बरं नाही का विचारलं.

मूलमध्येच ती भानगड झाली. बिशपच्या हातात जी उंच, वर वळलेली काठी असते, मेंढपाळाची, ती दौऱ्यासाठी तीन तुकड्यांत येते. नळासारखे आटे, एकात एक फिरवायचे. उपासनेनंतर कोणीतरी ती सोडवली, तुकडे पिशवीत भरले आणि आम्ही वैनगंगा ओलांडून पुढे गेलो. गडचिरोलीच्या मुक्कामी पिशवी उघडली तर वरचा वाकडा भाग आहे, खालचं टोक आहे, मधला दांडा नाही. राजूने मूलला फोन लावला. पलीकडून पाळकाची बायको म्हणाली, "साहेब, दांडा इथीच आहे. सापडला. पन त्याच्यावर सध्या कपडे वाळून राह्यले."

वरचा भाग खालच्याला थेट बसला. काठी तयार झाली ती राजूच्या कमरेपर्यंत आली. तो ती टेकून उभा राहिला तेव्हा मेंढपाळ कमी आणि गुडघे गेलेला माणूस जास्त दिसत होता. मी हसले. त्याने मला खोलीबाहेर जायला सांगितलं.

तळ्याकाठचं गाव

उपासना सकाळची ठरली होती. आम्ही वेळेवर पोचलो. चर्चमध्ये पाळक, कुत्रं वाटावं असं एक वाळलेलं वासरू, आणि दुसरं कोणी नाही. पाळकाचं नाव सुधाकर धरा. चाळिशीचा, सावळा, शर्टाची कॉलर उलटवून शिवलेली.

"मंडळी कुठे आहे?" राजूने विचारलं.

"साहेब, मोह पडून राह्यला," सुधाकर खाली मान घालून म्हणाला. "ऊन चढेपर्यंत येतीन समदे."

मार्चात या जंगलात पहाटेपासून मोहाची फुलं टपटप पडतात. पिवळट, रसाळ, मण्यांसारखी. झाडाखालचा पाचोळा आधीच जाळून जमीन स्वच्छ केलेली असते. उजाडताच घरंच्या घरं टोपल्या घेऊन वेचायला बसतात, कारण ऊन तापलं की फूल सुकतं, शिवाय गुरं आणि अस्वलं वाट पाहत नाहीत. हे कळायला बिशप व्हावं लागत नाही, पण दौऱ्याची वेळ नागपूरला बसून ठरलेली. राजू पूर्ण पोशाख चढवून बसला होता, कारण आल्या आल्या मिरवणूक निघेल असं त्याला वाटलं होतं. आता उतरवणं बरं दिसेना. जांभळं, पांढरं, सोनेरी, सगळं अंगावर घेऊन तो एका प्लॅस्टिकच्या खुर्चीत घाम गाळत राहिला. मी म्हटलं, तू बस, मी मंडळी पाहून येते.

चर्चच्या मागेच एक थोराड मोहाचं झाड होतं. त्याखाली एक म्हातारी उकिडवी बसून फुलं वेचत होती. मनुबाई म्हणू या तिला. माझ्याहून थोडी मोठी असेल, कातडं आणि हाडं, पण हात असे चालत होते की बघत राहावं. मी शेजारी बसून चार फुलं तिच्या टोपलीत टाकली. तिने त्यातली दोन काढून फेकली.

"सडकी आहेत. तुमाले दिसत नाई का?"

मी माफी मागितली. तिने मला न्याहाळलं.

"तो साहेब तुमचा कोन लागते?"

"भाचा."

"मंग त्याची काठी काऊन बुटकी झाली? मागच्या टाइमले तं डोक्याच्या वर जात होती."

मी मूलच्या कपड्यांची हकीकत सांगितली. ती पोट धरून हसली. मग मी सहज विचारलं, "मागच्या वेळी तुम्ही सोहळा पाहायला होतात वाटतं?"

"पाहाले काऊन? बसाले होती. रांगेत. माह्या डोक्यावर हात ठेवला ना त्यानं."

मला वाटलं, वय झालं, घोळ होतोय. "बरं. मग आज?"

"आजबी बसतो. त्याच्या आदीचा साहेब होता ना, लठ्ठ, त्यानंबी ठेवला होता. त्याचा हात लय जड. मान दुखली माही. तुमच्या पोराचा हलका आहे."

"मनुबाई, हे आयुष्यात एकदाच असतं."

"मले मालूम आहे. लहानपनी तोंडपाठ केलं होतं, अजूनबी येते. तुमी मले नका शिकवू." ती वेचतच होती. "आज जेवढे बसून राह्यले तेवढे समदे जुनेच आहेत. नवीन कुठून आनू? पोट्टे-पोट्टी तेलंगनात मिरच्या तोडाले गेले. ते येतीन तवा तुमचा साहेब नसन. साहेब येते तवा ते नसतात. आन् रांगेत डोकी नाई दिसली तं साहेब आमच्या पाद्रीले घेऊन जाते. समद्या गावाले मालूम आहे."

"गेला तर दुसरा कोणीतरी येईल अधूनमधून," मी म्हटलं. राजूचंच वाक्य, माझ्या तोंडून.

मनुबाईचे हात पहिल्यांदा थांबले.

"माहा बुड्ढा मेला तवा इथी पाद्री नव्हता. गडचिरोलीचा येतो, येतो म्हने. पावसानं नाला भरला. वाट पाहून पाहून वास सुटाले लागला, तवा आमीच मातीत घातला. कोनालेच काई म्हनता येईना. समदे नुसते उभे. शेवटी एका ढीवराच्या पोट्ट्यानं त्याच्या देवाचं भजन म्हटलं. चांगलं म्हटलं त्यानं, मी नाव नाई ठेवत. बुड्ढा तसाबी बहिराच होता." तिने टोपली हलवून फुलं बसवली. "पन मले बहिरं नाई व्हाचं, बाई. माह्यावर जे म्हनाचं ते म्हनाले मानूस पाह्यजे. मी मरेपर्यंत हा पाद्री इथी राहू द्या. मंग न्या त्याले कुठी न्याचं तं."

मी उठले. गुडघे वाजले. चर्चच्या दारात सुधाकर उभा होता आणि माझं तोंड पाहून त्याला कळलं. तो काही बोलायच्या आत मीच विचारलं, "मागच्या खेपेला याच लोकांना बसवलं, तेव्हा पकडले गेला नाहीत?"

"बाई," तो फार हळू म्हणाला, "साहेब लोक वरून पाहतात. डोकं दिसते, चेहरा नाई दिसत. मले ऊर्जानगर नको असं नाई. माह्या बायकोले तं पाह्यजेच आहे, नळाचं पानी, पोरीले शाळा. पन या म्हाताऱ्यांचं काय करू? एकेक करून चालले आहेत. कोनाले अर्ध्यात सोडू?"

आता खरं सांगायचं तर माझ्या अंगातली तिशीतली चिटणीस खडबडून जागी झाली. पवित्र विधी, त्याची थट्टा, बिशपची फसवणूक. ती बया असती तर तिथेच कागद मागितला असता. मी तावातावाने राजूकडे गेले. तो आरशाशिवाय टोपी सरळ करायच्या खटपटीत होता.

"राजू, मागच्या खेपेला इथे कोणाकोणाच्या डोक्यावर हात ठेवलास, आठवतं?"

"मावशी, वर्षाला किती डोकी असतात. कसं आठवेल?"

"एकही चेहरा?"

"टोपी सरळ आहे का सांग."

वाकडी होती. मी म्हटलं, "सरळ आहे." आणि जाऊन बायकांच्या बाजूला सतरंजीवर बसले.

ऊन चढलं तशी मंडळी आली, हातपाय धुऊन, अंगाला मोहाचा गोड, आंबूस वास. सगळं चर्च त्या वासाने भरलं. राजू वाकडी टोपी आणि बुटकी काठी घेऊन आत आला. कोणी हसलं नाही, ही या माणसांची सभ्यता. आम्ही नाशिककर खोकल्याचं निमित्त करून हसलो असतो.

त्याने प्रवचन दिलं. विषय मेंढपाळाचा. खरा मेंढपाळ आपल्या एकेका मेंढराला नावाने ओळखतो, शेकडोंत एक हरवलं तरी त्याला चुकल्यासारखं होतं, असं तो फार कळवळून सांगत होता. आवाज छान आहे त्याचा, आईवर गेला आहे. मी सुधाकरकडे पाहिलं नाही. त्याने माझ्याकडे पाहिलं नाही. रशीदभाऊ दारात चपलांपाशी उभे होते, ते छताकडे पाहत होते.

मग रांग बसली. पांढऱ्या केसांची, टक्कल पडलेली, पदराने झाकलेली डोकी. राजू एकेकावर हात ठेवत पुढे सरकला. प्रत्येकापाशी थांबत होता, घाई करत नव्हता, हे मी पाहिलं. एका म्हाताऱ्यावर हात ठेवताना त्याचे डोळे भरले. इतक्या उतारवयात ही माणसं प्रभूकडे आली, असं बहुधा त्याला वाटत असावं. मनुबाईपाशी आला आणि प्रश्न विचारायला तोंड उघडलं, तोच तिने उत्तर देऊन टाकलं, खणखणीत. नंतरचं आमेनही त्याच्या आधी म्हटलं. राजू अडखळला. मी पदर तोंडात कोंबला. मग राजूने मंद स्मित केलं, तिच्या डोक्यावर दोन्ही हात ठेवले आणि बाकीच्यांपेक्षा जरा जास्त वेळ ठेवले.

जेवणाला तळ्यातले मासे होते. ढीवरांच्या घरांतून सकाळीच आले होते, पाहुण्यासाठी म्हणून, कोणी मागितले नव्हते. उपवासात मासे चालतात, त्यामुळे राजूला या खेपेला प्रेमाची ढाल करावी लागली नाही. पळसाच्या पानांच्या पत्रावळीवर भात, त्यावर तिखट कालवण, आणि काटे काढायचं कोणाला सुचत नाही अशी भूक. खाता खाता त्याने मला विचारलं, सगळ्यांच्या देखत, "तू बायकांत बसली होतीस, मावशी. नवी मंडळी कशी वाटली?"

सुधाकर पाण्याचा तांब्या घेऊन उभा होता.

शब्बाथ शाळेत मी खोटं बोलणाऱ्या पोरांना वर्गाबाहेर उभं करत असे. त्यात हाच बिशप सगळ्यात जास्त वेळा होता.

"पाठांतर पक्कं आहे," मी म्हटलं. आणि यात अक्षरही खोटं नाही.

राजू खूश झाला. हात धुऊन त्याने तिथेच सांगितलं की हे चर्च गडचिरोलीला जोडायचा विचार रद्द, जिथे देव काम करतो आहे तिथून पाळक हलवणं योग्य नाही, सुधाकर इथेच राहील. तो हे असं म्हणाला जणू ही कल्पना त्याला आत्ता माशांबरोबर सुचली. टाळ्या वाजल्या नाहीत. इथे टाळ्या वाजवायची पद्धत नाही. मनुबाईने उठून त्याच्या पत्रावळीवर आणखी एक मासा वाढला, तो हात धुऊन बसला आहे हे दिसत असूनही, आणि त्याने तो खाल्ला.

राजू हे वाचून चिडेल का, असं तुम्हाला वाटेल. नाही चिडणार. मी लिहिलेलं त्याने आजवर काही वाचलेलं नाही.

निघताना सगळी रांग पुन्हा उभी राहिली, या वेळी गाडीच्या दोन्ही बाजूंना. राजूने काचेतून हात हलवला, डोळे मिटले आणि मुख्य रस्त्याला लागायच्या आधी झोपूनही गेला. पण त्याआधी, मी टोपीच्या शेजारी अंग चोरून बसत होते तेव्हा, मनुबाई माझ्या बाजूच्या खिडकीशी आली. सुकवलेल्या मोहाची एक पुरचुंडी माझ्या मांडीवर टाकली. मी म्हटलं, तब्येतीला जपा, पुढच्या वेळी भेटू. ती खिडकीत वाकली, समोरचा झोपायच्या बेतात असलेला बिशप आणि मग माझं डोकं पाहून म्हणाली:

"पुढच्या टाइमले मी नाई राहीन, बाई. माह्या जागी तू येऊन बसजो. केस तं तुहेबी पांढरेच आहेत, त्याले कुठी समजते."